घर मे महिन्यात बघू नका

कोकणात आपल्या लोकांचा घर खरेदीचा एक हंगाम ठरलेला आहे. एप्रिल-मेमध्ये कुवेत, दुबई, दम्मामहून माणसं सुट्टीवर येतात. लग्नं उरकतात, नातेवाइकांकडच्या दावती होतात आणि परतीचं विमान पकडायच्या आठवड्यात कुठल्या तरी नव्या इमारतीत फ्लॅटचा विसार देऊन मोकळे होतात. नदी तेव्हा आपल्या पात्रात शहाण्यासारखी वाहत असते. वहाळ कोरडे असतात. बिल्डरच्या माणसाने गॅलरीतून हात करून 'रिव्हर व्ह्यू' दाखवला की आपल्यालाही बरं वाटतं.

अशाच एका मे महिन्यात माझ्या मामेभावासोबत मी चिपळुणात फ्लॅट बघायला गेलो होतो. तो कुवेतला असतो, मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. 'तू इंजिनीअर आहेस, जरा बघून सांग' म्हणून मला बोलावलेलं. त्याने प्रश्नांची यादी फोनमध्ये लिहून आणली होती. मशीद किती लांब, मुलांची शाळा कुठे, चटई क्षेत्र किती, मेंटेनन्स किती, मामीचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला किंवा पहिला मजला मिळेल का. पाण्याबद्दल यादीत एकच प्रश्न होता: नळाला चोवीस तास येतं का?

इमारतीच्या शेजारी एक जुनं घर होतं. त्याच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर एक मळकट आडवी रेघ होती. ओट्यावर एक वयस्कर बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. 'खाला, ही रेघ कसली?' असं विचारलं. त्या म्हणाल्या, 'एकवीसची. पाचची तिच्या खाली होती, ती रंगात गेली.' नव्या इमारतीच्या भिंतीवर अर्थातच कुठलीच रेघ नव्हती. साइटवरच्या माणसाला विचारलं तर त्याने हसून सांगितलं, 'इथे पाणी येत नाही. आलं तरी पार्किंगपर्यंतच.'

या एका उत्तरात दोन उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्यापैकी बहुतेक जण पहिलं ऐकतात आणि विसाराचा चेक लिहितात. हे संपादकीय दुसऱ्या उत्तराबद्दल आहे.

चिपळूण वाशिष्ठीच्या काठावर वसलंय. शिव नदी गावातून येऊन तिला मिळते. वरच्या अंगाला सह्याद्रीची भिंत, तिथे पडलेला पाऊस काही तासांत खाली उतरतो. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीमार्गे याच वाशिष्ठीत येतं. खालच्या अंगाला दाभोळची खाडी आहे. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी वर चढतं तेव्हा नदीला आपलं पाणी लवकर रिकामं करता येत नाही. त्यात पात्रात वर्षानुवर्षं साचलेला गाळ. २६ जुलै २००५ ला शहर बुडालं. २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं, आणि तेव्हा बाजारपेठेत माणसं पहिल्या मजल्यावरून वर सरकत होती. दोन पुरांमध्ये सोळा वर्षांचं अंतर आहे. गृहकर्ज साधारण वीस वर्षांचं असतं.

२०२१ च्या त्याच आठवड्यात महाडमध्ये सावित्रीचं पाणी शिरलं होतं आणि घाटापलीकडे कोल्हापूर-सांगली पाण्यात होती. त्या दोन शहरांनी २०१९ चा पूर नुकताच पाहिला होता. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. म्हणजे 'असा पूर आयुष्यात एकदाच' हे वाक्य तिथल्या लोकांनी दोन वर्षांत दोनदा ऐकलं.

हा पूर अचानक आला असं आपण म्हणतो. पाणी रात्रीत चढलं हे खरं. पण ते कुठपर्यंत चढू शकतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं, हे खरं नाही. ते भिंतीवर लिहिलेलं असतं आणि सरकारी नकाशावरही असतं.

दोन रेघा

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या काठावर दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र, तिथे राहण्याच्या नव्या इमारतींना परवानगी नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर पाहिजे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत हे लिहिलेलं आहे.

या रेघांवर भांडणं आहेत. चिपळुणात तर रेषा जाहीर झाल्यावर मोठा विरोध झाला, कारण अख्खी जुनी वस्ती त्यात अडकते. आधी नदीतला गाळ काढा, मग रेघा मारा, असं लोकांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण ज्याला आज नवीन घर घ्यायचंय त्याने एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. रेषेमुळे जुन्या मालकावर अन्याय होतो का, हा एक प्रश्न. पाणी तिथपर्यंत येतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काहीही आलं तरी दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही.

'२५ वर्षांतून एकदा' या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. २०२१ ला पूर आला, म्हणजे आता २०४६ पर्यंत निवांत, असा हिशेब मी शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही ऐकलाय. नदी कॅलेंडर बघत नाही. त्याचा खरा अर्थ असा की दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता ४ टक्के, न येण्याची ९६ टक्के. गेल्या वर्षी काय झालं याच्याशी त्याचा संबंध नाही. आता ०.९६ ला ०.९६ ने वीस वेळा गुणा, उत्तर ०.४४ येतं. म्हणजे वीस वर्षांच्या कर्जात एकदाही पूर न येण्याची शक्यता ४४ टक्के, किमान एकदा येण्याची ५६ टक्के. नाणं उडवण्यापेक्षाही वाईट.

लाल रेषेचा आकडा वर्षाला १ टक्का. ऐकायला किरकोळ वाटतो. आमच्या धंद्यात कुणी म्हटलं की आमचा सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू असतो, तर आम्ही विचारतो की मग वर्षातले साडेतीन दिवस बंद असतो का? तसंच इथे. वर्षाचा १ टक्का वीस वर्षांत १८ टक्के होतो, तीस वर्षांत २६. म्हणजे लाल रेषेच्या कडेवर तीस वर्षं राहणाऱ्या चार घरांपैकी एका घराने ते पाणी बघण्याइतकी शक्यता. आणि हे आकडे जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेले आहेत. २००५ साली मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस जुन्या नोंदींचं ऐकत नाही.

विसार देण्याआधी

मग करायचं काय? मामेभावासाठी मी जी यादी केली ती इथे देतो. यातल्या कुठल्याच गोष्टीला इंजिनीअरची डिग्री लागत नाही.

पहिली गोष्ट, पूररेषेचा नकाशा. तो जलसंपदा विभागाच्या कार्यालयात मिळतो. नगरपरिषद किंवा महापालिकेच्या नगररचना विभागातही विचारता येतो. आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर सांगा, झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. कुणी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. बिल्डरकडून मंजूर नकाशाची प्रत घ्या. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर मंजुरीची कागदपत्रं त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतात. परवानगीत जोत्याच्या उंचीची अट आहे का ते वाचा, आणि ती अट प्रत्यक्षात पाळली आहे का ते जागेवर जाऊन बघा.

दुसरी गोष्ट, उंची. इथे एक सावधगिरी. फोनमधलं ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं, त्यावर विसंबू नका. त्यात कित्येक मीटरची चूक असू शकते, आणि आपल्याला फरक फुटांत हवाय. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. शेजारच्या जुन्या भिंतीवर पुराची जी खूण आहे तिथून त्या पाइपने पातळी आणून आपल्या फ्लॅटच्या फरशीशी जुळवा. ओळखीतल्या गवंड्याचं अर्ध्या तासाचं काम. आम्ही ते केलं. पहिल्या मजल्याची फरशी २०२१ च्या खुणेच्या फक्त पावणेदोन फूट वर होती. तळमजल्याबद्दल बोलायलाच नको.

तिसरी गोष्ट, माणसं. विकणाऱ्याला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. 'इथे पूर येतो का?' असं विचारलं तर लोक 'नाही' म्हणतात, कारण आपल्या गल्लीचं नाव खराब व्हावं असं कुणाला वाटत नाही. त्यापेक्षा विचारा, 'पाच साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं? एकवीसला तुम्ही कुठे होता?' मग लोक बोलतात, आणि थांबत नाहीत. दूधवाला, रिक्षावाला, मशिदीचे मुअज्जिन यांच्याइतकी माहिती कुठल्याच नकाशात नसते.

चौथी गोष्ट, इमारतीचं पोट. विजेचे मीटर कुठल्या पातळीवर आहेत? पाण्याचा पंप, जनरेटर, लिफ्टची यंत्रणा कुठे आहे? ही सगळी पार्किंगमध्ये असतील तर पाणी 'पार्किंगपर्यंतच' आलं तरी सातव्या मजल्यावरचा माणूस आठवडाभर अंधारात, पाण्याविना आणि लिफ्टविना अडकतो. खाली उभी असलेली गाडी जाते ती वेगळीच. दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, म्हणजे सगळ्यांचा. वरच्या मजल्याला पूर लागत नाही हा गैरसमज आहे. मुख्य रस्त्यापर्यंत जायची वाट बुडते का, तेही बघा. अर्ध्या रात्री बाळंतीण किंवा आजारी माणूस घेऊन निघावं लागलं तर घर कोरडं असून उपयोग नाही.

पाचवी आणि सगळ्यात सोपी गोष्ट. घर मे महिन्यात आवडलं तर जुलैमध्ये पुन्हा बघा. स्वतः येता येत नसेल तर भावाला, मेहुण्याला पाठवा. मोठा पाऊस लागलेल्या दिवशी गेटवर उभं राहून दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवायला सांगा. 'आज विसार दिला नाही तर फ्लॅट जाईल' असं कुणी म्हणालं तर जाऊ द्या.

विमा कशाचा आहे ते वाचा

सगळं तपासलं तरी धोका शून्य होत नाही. जो धोका टाळता येत नाही त्याचा विमा काढायचा. इथे आपल्याकडे तीन गोंधळ हमखास असतात.

पहिला गोंधळ: 'बँकेने कर्जासोबत विमा काढलाय.' मामेभावाने चुलतभावाच्या कर्जाची कागदपत्रं दाखवली, त्यात खरंच विमा होता. पण तो कर्जदाराच्या आयुष्याचा होता. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फिटेल. घरात चिखल शिरला तर त्यातून एक रुपया मिळणार नाही. बँक काही वेळा घराचाही विमा काढायला लावते. तेव्हा त्यात पूर आहे का, घरातलं सामान आहे का, मुदत किती, हे वाचायला हवं. पॉलिसी हातात नसेल तर बँकेकडे प्रत मागा.

दुसरा गोंधळ: 'घराचा विमा म्हणजे काहीतरी मोठ्या लोकांचं.' विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आणली. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ती मिळते आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्या असतात. चिपळूण बुडालं त्याच्या चारच महिने आधी ती आली होती. आमच्या घरात ती कुणालाही ठाऊक नव्हती, मलासुद्धा नाही. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, आणि दंगलीत झालेलं नुकसानही तिच्यात धरलेलं आहे. घराचा विमा घेतला की सामानाचा आपोआप होतो: घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, वस्तूंची यादी न देता. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिने हवे असतील तर ते वेगळे सांगून घ्यावे लागतात. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामानाचा विमा घेता येतो. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं, कारण लॅपटॉप आणि फ्रिज मालकाचे नसतात.

तिसरा गोंधळ रकमेचा. ४५ लाखांचा फ्लॅट, म्हणून ४५ लाखांचा विमा, असं नसतं. जमीन वाहून गेली तरी विमा जमिनीचे पैसे देत नाही. विमा बांधकामाचा असतो. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, ही त्याची रीत. समजा फ्लॅट ६० चौरस मीटरचा आहे आणि बांधकामाला चौरस मीटरमागे २५ हजार खर्च येतो. म्हणजे १५ लाखांचा विमा आणि त्यावर आपोआप ३ लाखांचं सामान. हप्ता याच रकमेवर बसतो. दोन-तीन कंपन्यांकडून आकडा मागवा. तो ऐकल्यावर बहुतेकांना वाटतं, एवढाच? मग इतकी वर्षं का नाही घेतला?

दुकानदारांसाठी याच धर्तीवर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्याला ती घेता येते. गाडीचा विमा पूर्ण वेगळा. फक्त 'थर्ड पार्टी' असेल तर पुराचं काही मिळत नाही. आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिन त्यानेच जातं आणि विमा कंपनी नेमकं तेच विचारते.

दाव्याच्या वेळी काय लागतं तेही आधीच माहीत असावं. घर साफ करायची घाई होते, ती समजू शकतो, पण आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत खराब झालेलं सामान फेकू नका. फेकणं भागच असेल तर कंपनीला लेखी कळवून फेका. पॉलिसी, खरेदीखत, बिलं यांच्या प्रती फोनवर आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फाइल घरासोबतच बुडते.

सरकारी मदतीची वाट बघू, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन आकडे. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ऐकायला प्रचंड. त्यात पूरग्रस्त कुटुंबाच्या हातात १० हजार, आणि दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार. मदत म्हणून ते ठीक आहे. घर पुन्हा उभं राहत नाही.

विम्याबद्दलची ती शंका

इथे काही वाचक थांबतील. आपल्या घरांत विमा हा शब्द निघाला की कुणीतरी म्हणतं, 'आपल्यात चालत नाही.' हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. १९८५ साली जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकारावर चालणारा विमा मान्य केला. असा विमा, ज्याला तकाफुल म्हणतात, भारतात उपलब्ध नाही. इथल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत. काहींचा नकार आहे, तर काहींनी दंगलींची परिस्थिती बघून मालमत्तेच्या विम्याला वाट दिली आहे.

ज्याला शंका आहे त्याने जाणत्या माणसाला जरूर विचारावं. पण पूर्ण प्रश्न विचारावा. 'विमा हलाल की हराम?' एवढाच नको. 'माझं घर नदीपासून इतक्या अंतरावर आहे, सोळा वर्षांत दोनदा बुडालंय, घरात म्हातारी आई आहे, तकाफुल मिळत नाही, मग मी काय करावं?' असं विचारावं. त्यानंतर जे पटेल ते करावं. ज्याचा निर्णय 'नाही' असेल त्याने दर महिन्याला तेवढी रक्कम बाजूला टाकावी, आणि जमातीत दहा-वीस घरांनी मिळून मदतीचा एक फंड उभा करावा. मात्र यातली एक अडचण ओळखून ठेवा: एकाच मोहल्ल्यातली वीस घरं एकाच रात्री बुडतात. फंड उपयोगी पडायचा तर त्यात डोंगरावरचीही घरं हवीत, दुसऱ्या गावाचीही हवीत.

मला खटकतो तो नकार नव्हे. मला खटकतं ते न विचारणं, आणि नंतर 'अल्लाहची मर्जी' म्हणून मोकळं होणं. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणं नव्हे, हे आपण लहानपणी मदरशात शिकलोय.

निवड कमी असते तेव्हा

एक गोष्ट बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही. घर कुठे घ्यायचं याची निवड सगळ्यांना सारखी नसते. पुण्यात मी भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा नाव सांगितल्यावर 'घर कालच गेलं' हे उत्तर मला चारदा मिळालं. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना मिळालं असेल. मग माणूस जिथे आपलेपणाने घर देतात तिथे जातो, आणि ती जागा बऱ्याचदा खाडीकाठी, नाल्याच्या कडेला, भराव टाकून केलेल्या जमिनीवर असते. भिवंडीत कामवारी नदीच्या काठच्या वस्त्यांत जुलै-ऑगस्टमध्ये एकदा फिरून या.

यामुळे आपल्यात एक सवय लागली आहे: मिळतंय ना, मग फार चौकशी करू नका. पूररेषा विचारली तर बिल्डर नाराज होईल. भोगवटा प्रमाणपत्र मागितलं तर 'आपलाच माणूस आहे, विश्वास नाही का?' असं ऐकावं लागेल. ज्याच्याकडे दहा पर्याय आहेत त्याची एक चूक खपून जाते. ज्याच्याकडे दोनच पर्याय आहेत आणि वडिलांची आखातातली पंधरा वर्षांची कमाई आहे, त्याने तर दुप्पट चौकशी करायला हवी. भेदभावाविरुद्ध आपण बोलत राहूच. पण आपल्याच माणसाने आपल्याला बुडणारी जागा विकली तर ते आपलेपणाच्या नावाने खपवून घेऊ नये.

२०२१ मध्ये चिपळुणात, त्याआधी २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आपली पोरं मदतीला गेली. चिखल उपसला, जेवण शिजवलं, औषधं पोहोचवली, कुणाचा धर्म विचारला नाही. पूर आल्यानंतर काय करायचं ते आपल्याला चांगलं येतं. पूर यायच्या आधीचं काम मात्र कुणीच हातात घेतलेलं नाही, आणि ते तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांना सहज जमण्यासारखं आहे. आपल्या गावातल्या जुन्या लोकांना सोबत घ्या. प्रत्येक मशिदीच्या, शाळेच्या, तालमीच्या भिंतीवर २००५, २०१९, २०२१ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं तिथे रंगाने रेघ मारा आणि साल लिहा. पूररेषेचा नकाशा मागवून जमातखान्यात लावा, नगरपरिषदेच्या वाचनालयातही लावा. हे फक्त मुसलमानांसाठी नाही. वाशिष्ठी मोहल्ला बघून वळत नाही. दोन रविवारांचं काम आहे. पुढच्या मे महिन्यात घर बघायला आलेल्या कुणालाही मग बिल्डरला विचारायची गरज पडणार नाही.

राहिला मामेभाऊ. त्याने तो फ्लॅट घेतला नाही. लाल रेषेच्या बाहेर, चढावर, लिफ्ट असलेल्या जुन्या इमारतीत घेतला. एक खोली कमी आहे आणि मशीद लांब पडते. मामू फजरला स्कूटरवरून जातात आणि पहिले सहा महिने रोज मला शिव्या घालत होते. दुकान मात्र बाजारपेठेतच आहे, कारण गिऱ्हाईक तिथे आहे आणि ते चढावर येणार नाही. ते दुकान दोन्ही पुरांत बुडालेलं. तिथला धोका टाळता येत नाही, म्हणून त्याचा विमा काढलाय, मीटर वर घेतलाय आणि हिशेबाच्या वह्या माळ्यावर ठेवल्यात.

गेल्या जुलैमध्ये एका रात्री खूप पाऊस लागला. मी पुण्याहून फोन केला. मामूंनी दुकानाची चौकशी सांगितली, वह्यांची सांगितली. घराबद्दल विचारलं तर म्हणाले, 'घराचं काय, मामी झोपलीय.'